एका जुन्या संगणकातील दप्तर

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा प्रथम मनात आले की, मिरजेच्या किल्ल्याविषयी किंवा आदिलशाही काळातील एखाद्या शिलालेखाविषयी लिहावे. परंतु तसे लेख आपल्या स्मरणिकेत येऊन गेले आहेत, आणि ते लिहिणारी मंडळी माझ्याहून जाणती होती. शिवाय गेली दोन वर्षे माझा फावला वेळ ज्या कामात गेला तेही इतिहासाचेच काम आहे. फरक इतकाच की, त्याचे साधन म्हणजे ताम्रपट नव्हे, मोडी कागदांचा रुमाल नव्हे, तर शाळेच्या माळ्यावर धूळ खात पडलेली एक पत्र्याची पेटी. त्याच पेटीची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या शाळेत इतिहास शिकविणारे एक सर होते. ते आज हयात नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. १९९६ ते १९९९ या काळात त्यांनी एक काम अंगावर घेतले. साठी-सत्तरी उलटलेल्या वृद्धांकडे जायचे, त्यांच्या लहानपणाच्या आठवणी विचारायच्या आणि वहीत उतरून घ्यायच्या. कोणता धंदा होता, शाळा किती झाली, लग्नात काय रीत होती, बेचाळीसच्या चळवळीत गावात काय चालले होते, असे साधे प्रश्न. सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा, वाई अशा ठिकाणांहून ३८ जणांच्या आठवणी त्यांनी जमविल्या. दोन जिल्हे का, असे कोणी विचारले तर सर सांगत की, ही म्हातारी माणसे जन्मली तेव्हा जिल्हे दोन नव्हतेच. ते खरेच आहे. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात ज्या मुलखात चालले तो मुलूख या दोन्हींत वाटला गेला आहे.

सरांनी या आठवणी शाळेच्या तेव्हाच्या नव्या संगणकावर टंकलिखित करून घेतल्या. पुस्तक काढण्याचा विचार होता, तो पैशाअभावी राहिला. संगणक जुना झाला, नवे आले, जुना माळ्यावर गेला. वह्या सरांच्या घरी होत्या. २००५ च्या पुरात त्या वाचल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि सरांच्या घराचा तळमजला छतापर्यंत बुडाला, तेव्हा मात्र वाचल्या नाहीत. त्या पुरात सांगली नगर वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाचे हजारो ग्रंथ भिजून गेले, तेथे एका शिक्षकाच्या वह्यांची काय कथा! पुढच्याच वर्षी सरही गेले. राहिला तो माळ्यावरचा संगणक.

येथे थोडे मागे जाण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. कागद वाचविण्याचे काम आपल्या या दोन जिल्ह्यांना नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला तो वाईहून. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर जुने कागद आणि चित्रे गोळा केली. त्यांचा संग्रह पुढे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खरे होते. मला खरेशास्त्री अधिक जवळचे वाटतात, कारण ते शाळामास्तर होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांचे मोडी दप्तर चाळले, महत्त्वाची पत्रे निवडली, बाळबोध लिपीत उतरविली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापावयास घेतली. मूळ कागदाला कसर लागो, वाळवी लागो, खऱ्यांची नक्कल छापली गेली ती टिकली. नक्कल करणे हे काम आपण हलके समजतो. वर्गातही ‘नक्कल’ हा शब्द आपण मुलाला दटावण्यासाठीच वापरतो. असो.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी संगणक माळ्यावरून उतरविला. ‘४८६’ म्हणून ओळखला जाणारा तो प्रकार, आत ४२० मेगाबाइटची हार्ड डिस्क. आजच्या साध्या मोबाइलमध्ये काढलेले शंभरएक फोटो तीत मावणार नाहीत. पण निव्वळ मजकूर म्हटला तर अख्खे कपाट मावेल. चालू केला तर पडद्यावर एवढेच आले की, हार्ड डिस्क सापडत नाही. बाजारातल्या एका दुकानदाराने पेटी न उघडताच सांगितले, “सर, भंगार आहे हे. किलोवर जाईल.”

साताऱ्यास माझा एक माजी विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, डिस्क मेली असं लगेच धरू नका. आधी आतली छोटी बॅटरी बघा.” त्याचे म्हणणे असे की, त्या काळच्या यंत्रात डिस्कचे मोजमाप एका लहान स्मृतीत साठविलेले असे आणि ती स्मृती बॅटरीवर जिवंत राही. बॅटरी संपली की यंत्र आपल्याच डिस्कला विसरते. माणसाच्या विस्मरणाचा दोष घराला लावावा तसा हा प्रकार. डिस्कच्या चिठ्ठीवर आकडे होते: ८२६ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. ते हाताने भरले आणि काय सांगू, घरघर करीत डिस्क फिरली, पडद्यावर जुने विंडोज उमटले आणि सरांच्या नावाची फोल्डर दिसू लागली. मी एकटाच खोलीत होतो, तरी मोठ्याने “आले!” असे ओरडलो.

त्यानंतर जे केले ते माझ्या अज्ञानाचे फळ आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. मी एकेक फाइल फ्लॉपीवर उतरवू लागलो. तिसऱ्या फाइलीला आतून टक्‌-टक्‌ असा आवाज आला आणि यंत्र थांबले. मी बंद करून पुन्हा चालू केले. पुन्हा टक्‌-टक्‌. असे सहा-सात वेळा केले. मग डिस्कची तपासणी व दुरुस्ती करणारा स्कॅनडिस्क नावाचा जुना प्रोग्रॅम चालविला. त्याने ‘दुरुस्ती’ची परवानगी विचारली आणि मी ती दिली. रात्री साताऱ्यास फोन करून हे सारे अभिमानाने सांगितले तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, “सर, आता बंद करा. परत चालू करू नका. डिस्क घेऊन इकडं या.”

ही डिस्क म्हणजे काय वस्तू आहे, ते मला त्यानंतर नीट समजले. आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क विक्रीस काढली. तीत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक होत्या, यंत्राचे वजन एका टनाहून जास्त आणि त्यात मावत ती सुमारे ५० लाख अक्षरे. १९७३ च्या सुमारास तबकड्या आणि वाचणारी टोके एकाच बंद पेटीत घालण्याची रीत आली. १९८० साली सव्वापाच इंची लहान डिस्क निघाली आणि १९८३ साली आय. बी. एम.च्या घरगुती आकाराच्या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क बसून आली. आपल्याकडे १९८४-८५ साली शाळांसाठी सरकारची ‘क्लास’ योजना निघाली, तीत बी. बी. सी. मायक्रो नावाचे संगणक आले. हार्ड डिस्कचे संगणक आमच्यासारख्या शाळांत पोहोचायला पुढची दहा वर्षे लागली.

आत तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो आणि अक्षरे त्यावर चुंबकाच्या बारीक ठिपक्यांच्या रूपाने असतात. वाचणारे टोक तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या वेगाने जी हवा ओढली जाते तिच्यावर ते तरंगते, आणि हे अंतर मायक्रॉनच्याही अंशात असते. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड. बंद करताना टोक तबकडीवर ठरावीक जागी टेकते. वर्षानुवर्षे पडून राहिले की ते तेथेच चिकटते, आतले रबर चिकट होते, तेल घट्ट होते. चुंबकाची अक्षरे सहसा इतक्या लवकर पुसत नाहीत, वाचणारा थकतो. आणि थकलेला वाचणारा टक्‌-टक्‌ करीत त्याच त्या जागी धडपडत राहिला, तर तबकडी खरवडली जाण्याचे भय असते. मी सहा-सात वेळा तेच करविले होते. लोक डिस्क शीतकपाटात ठेवण्याचाही उपाय सांगतात. मलाही एकाने सांगितला. आत दव धरले तर उरलेसुरले जाते, म्हणून तो केला नाही, ही एकच गोष्ट मी शहाणपणाची केली.

साताऱ्याच्या त्या लहानशा दुकानात आम्ही तीन दिवस बसलो. नव्या संगणकाला डिस्क जोडण्याची केबल मिळते. पण इतक्या जुन्या डिस्कची भाषा तिला पुष्कळदा उमगत नाही. म्हणून त्याने मुद्दाम जपून ठेवलेला एक जुना पेंटियम काढला, त्यावर लिनक्स चढविले आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत मिळणारा प्रोग्रॅम सुरू केला. त्याची रीत मला फार आवडली. तो फाइल पाहत नाही, नाव पाहत नाही. डिस्कचे ५१२-५१२ अक्षरांचे जे तुकडे असतात, ज्यांना सेक्टर म्हणतात, ते जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवितो. अडले तेथे थांबत नाही, पुढे जातो आणि कोठे अडले याची नोंद ठेवतो. सहज वाचता येते ते आधी उतरून घ्यायचे, रोगी भागाकडे नंतर वळायचे, त्यातही एकदा पुढून आणि एकदा मागून. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही. खरेशास्त्र्यांना ही शिस्त कोणी शिकवावी लागली नसती.

आमच्या डिस्कवर एकूण ८,३२,६०८ सेक्टर होते. त्यांतले बहुतेक अर्ध्या तासात उतरले. उरलेल्यांसाठी दोन रात्री गेल्या. मधूनमधून डिस्कला विश्रांती द्यावी लागे. शेवटी २१४ सेक्टर काही केल्या वाचता आले नाहीत. दहा हजारांत तीनसुद्धा नाहीत, असा हिशेब मी मांडला. विद्यार्थी म्हणाला, “सर, किती गेले ते नाही, कुठले गेले ते बघायचं.”

याहून बिकट अवस्थेतून डिस्क वाचल्या आहेत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटले आणि आपल्या कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. यानावर झेनॉन वायूच्या चिकटपणाचा एक प्रयोग होता. त्याच्या नोंदींपैकी बऱ्याच एका लहान डिस्कवर होत्या. अवशेषांत ती सापडली तेव्हा निव्वळ जळका लोखंडाचा गोळा दिसत होती. अमेरिकेतील तज्ज्ञांनी तबकड्या काढून, धुऊन, नव्या डिस्कमध्ये बसवून तीतील जवळजवळ सगळा मजकूर मिळविला आणि २००८ साली प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या यंत्रावरही आपल्या शाळेच्या संगणकासारखेच जुने डॉस होते. ते मजकूर फारसा विखरून ठेवत नाही, म्हणून काम सोपे झाले, असे तज्ज्ञांनी सांगितले.

परंतु तबकडी वाचली म्हणजे मजकूर वाचता आला, असे होत नाही. हे इंग्लंडात १९८६ नंतर चांगलेच कळले. १०८६ सालच्या डूम्सडे बुकाला नऊशे वर्षे झाली म्हणून तेथील शाळकरी मुलांसह लाखो लोकांनी आपापल्या गावाची माहिती जमविली, ती लेसर तबकड्यांवर घातली आणि ती पाहण्याची सोय बी. बी. सी. मायक्रो संगणकावर केली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना खास खटपट करावी लागली. नऊशे वर्षांचा चामड्यावरचा मूळ ग्रंथ मात्र लॅटिन जाणणारा कोणीही आजही वाचू शकतो.

आमचेही तसेच झाले. सरांची पहिली फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टिंबे, डॉलरची चिन्हे यांचा गोंधळ. मला वाटले, डिस्कनेच दगा दिला. विद्यार्थी हसला. “डेटा बरोबर आहे सर, लिपी गेलीय.”

याचे कारण मराठीच्या संगणकीय इतिहासात आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. कानपूरच्या आय. आय. टी.त भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्र तयार झाले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. त्यातून आलेली ‘इस्की’ ही क्रमांकपद्धती १९९१ साली भारतीय मानक झाली. तीत क, ख, ग हे उच्चाराच्या क्रमाने बसविले होते. जगभर आज चालते त्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी ‘इस्की’वरूनच घेतली आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण छपाईच्या धंद्याने वेगळी वाट धरली. तेथे फॉन्ट बनविणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या जागी, पहिली वेलांटी तिसऱ्या जागी. कागदावर छापून आले की सुंदर दिसे. फाइल पाहिली तर आत मराठी नाहीच, फक्त तुकड्यांचे क्रमांक. फॉन्ट गेला की मजकूर मुका. पहिली वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर येते. पण या फाइलींत ती दिसते तशी आधी लिहिलेली, आणि रफार आपल्या अक्षराच्या मागे राहिलेला.

मोडीचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली आणि पन्नास वर्षांत नातू आजोबांचे खरेदीखत वाचू शकेनासा झाला. आमच्या फाइलींचे तेच पंचवीस वर्षांत झाले. सुदैवाने डिस्कच्या नकलेतच त्या फॉन्टची फाइल शाबूत होती. ती पाहून मी एक तक्ता केला: कोणत्या क्रमांकाला कोणता तुकडा. वर्गातल्या दोन मुली मदतीला होत्या. तक्ता पुरा व्हायला दीड महिना लागला. मग विद्यार्थ्याने त्यावरून एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या वेळी ‘शिक्षण’चे ‘शक्षिण’ झाले. तिसऱ्या खेपेस ओळी सरळ आल्या.

३८ पैकी ३५ फाइली पूर्ण मिळाल्या. एक मुळीच मिळाली नाही. तिच्या जागेवर माझ्या त्या ‘दुरुस्ती’ने दुसरेच काही लिहिले गेले होते. एका वृद्धाचे आयुष्यभराचे बोलणे माझ्या एका होकाराने गेले, हे मी येथे नोंदवून ठेवतो. उरलेल्या दोनांत भोके पडली होती. त्यांतली एक माझ्या नानांची होती.

माझे नाना तासगावचे पिंजारी. १९९७ साली सर आमच्या घरी आले होते तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. चहाचे कप मीच नेऊन दिले. नानांचा आवाज कोठे ध्वनिमुद्रित नाही, फोटो एकच, तोही लग्नाच्या घोळक्यातला. फाइलीत नाना बोलत होते, अगदी तसेच, वाक्याच्या शेवटी “बरं का मास्तर” म्हणत. खांद्यावर पिंजण टाकून विट्यापर्यंत पायी कसे जात, तातीचा आवाज ऐकून बाया गाद्या-उशा घेऊन दाराशी कशा येत, कापसाच्या धुरळ्याने वडिलांना खोकला कसा जडला, हे सारे होते. मग सरांनी विचारले, शाळा किती झाली? नाना म्हणाले, तिसरीपर्यंत. अक्षर चांगलं होतं. मास्तरांनी एकदा पाठ थोपटली होती. मग शाळा सुटली, ती का सुटली ते सांगतो, त्या दिवशी मी.

तेथे पाच सेक्टर लागोपाठ गेले आहेत. साडेतीनशे-चारशे शब्दांचा मजकूर. त्यानंतरचे पहिले वाचता आलेले शब्द असे: “म्हणून पोरीला मात्र शाळेत घातलं. लोक बोलले. बोलू दिलं.”

ती पोर म्हणजे माझी आई. मी कागद घेऊन आईकडे गेलो. तिने दोनदा वाचला. मी विचारले, नानांची शाळा का सुटली होती? आई म्हणाली, “मला कधी बोलले नाहीत. मास्तरांना सांगितलं होय!”

डिस्कच्या आता तीन नकला आहेत. एक शाळेत, एक माझ्याकडे आणि एक मुद्दाम साताऱ्यास, कारण सांगलीला शिरणारे कृष्णेचे पाणी साताऱ्याच्या त्या दुकानापर्यंत चढत नाही. ३५ आठवणींचा मजकूर युनिकोडमध्ये आणि कागदावर, दोन्ही प्रकारे तयार आहे. संस्थेने मनावर घेतल्यास पुस्तक होऊ शकेल.

गेल्या महिन्यात हे सांगण्यासाठी सरांच्या घरी गेलो होतो. चाचींनी आतून एक पोते आणून पुढे ठेवले. पुरात भिजलेल्या वह्या. वाळून त्यांच्या विटा झाल्या आहेत. “टाकून द्या म्हणाले सगळे,” चाची म्हणाल्या, “पण बेटा, त्यांचं अक्षर आहे, टाकवेना.” शाईच्या पेनाने लिहिलेल्या वह्यांत निळ्या डागांखेरीज काही उरलेले नाही. पण १९९७ ची वही बॉलपेनने लिहिलेली आहे, आणि बॉलपेनची शाई पाण्याला सहसा दाद देत नाही. कडेची पाने वाफेवर धरून, टीपकागद घालून, एकेक सोडवीत आहे. आतापर्यंत अकरा सुटली. नानांचे पान त्यांत अद्याप आलेले नाही.